सेरेंडिपिटी : एका शब्दाचे हरवलेले अर्धांग

इंग्रजीतील 'सेरेंडिपिटी' हा शब्द आज आपल्याकडील सुशिक्षितांच्या बोलण्यात सर्रास येतो. अवचित लाभलेले भाग्य, ध्यानीमनी नसता हाती आलेली चांगली गोष्ट, एवढाच त्याचा अर्थ बहुधा घेतला जातो. मराठी अनुवादकही 'सुखद योगायोग', 'दैवयोग', 'भाग्ययोग' असे पर्याय योजून मोकळे होतात. वरवर पाहता त्यात काही वावगे दिसत नाही. परंतु ज्या माणसाने हा शब्द घडविला त्याने त्यात दोन गोष्टी घातल्या होत्या, आणि त्यांपैकी एकच आज शिल्लक आहे. उरली ती आकस्मिकता. हरवली ती प्रज्ञा. हे हरवणे फक्त कोशकारांच्या चिंतेचे असते तर त्यासाठी एवढी पाने खर्ची घालण्याचे प्रयोजन नव्हते. ज्ञान माणसाच्या हाती कसे येते, याविषयीची आपली समजूत या शब्दाच्या अर्थात गुंतलेली आहे. शिवाय त्याचे मूळ आपल्या भूमीच्या इतके निकट आहे की, भारतीय भाषांतील अनुवादकाने त्याची विचारपूस न करणे बरे दिसणार नाही.

१

आपली जन्मतिथी निश्चित ठाऊक असावी हे भाग्य फार थोड्या शब्दांच्या वाट्याला येते. २८ जानेवारी १७५४ रोजी होरेस वॉल्पोल याने फ्लॉरेन्स येथील ब्रिटिश राजदूत होरेस मान याला एक पत्र लिहिले. हा वॉल्पोल म्हणजे इंग्लंडचा पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोल याचा धाकटा मुलगा. जुनी चित्रे, नाणी, पुस्तके यांचा शौकीन संग्राहक आणि अठराव्या शतकातील श्रेष्ठ पत्रलेखकांपैकी एक. मानने त्याला बियांका कापेल्लो हिचे चित्र धाडले होते. ही व्हेनिसच्या एका सरदार घराण्यातील स्त्री सोळाव्या शतकात तोस्कानाच्या अधिपतीची पत्नी झाली होती. व्हेनिसमधील घराण्यांच्या कुलचिन्हांचा एक जुना ग्रंथ चाळत असता वॉल्पोलला कापेल्लो घराण्याच्या चिन्हाविषयी एक तपशील अकस्मात सापडला. हवे ते आपल्या हाताला असे आपोआप लागते, याची त्याला मोठी मौज वाटे. या गुणाला नाव द्यावे म्हणून त्याने त्याच पत्रात 'सेरेंडिपिटी' हा शब्द घडविला आणि मित्राला तो समजावा म्हणून त्याची फोडही करून दिली.

ही फोड नीट पाहिली पाहिजे. सरंदीपच्या तीन राजपुत्रांची एक कथा आपण वाचली होती, असे तो सांगतो. कथा त्याला पोरकट वाटली होती; परंतु त्यातील राजपुत्र प्रवास करताना, आपण ज्यांच्या शोधात नव्हतो अशा गोष्टी सदैव शोधून काढीत; काही अपघाताने, काही चाणाक्षपणाने. उदाहरणादाखल तो म्हणतो की, एका राजपुत्राने वाटेवरून पुढे गेलेले खेचर उजव्या डोळ्याने आंधळे असल्याचे ओळखले. कारण डाव्या बाजूचे गवत निकृष्ट असूनही तेवढेच खाल्लेले होते. दुसरे उदाहरण इंग्लंडच्या इतिहासातील आहे. लॉर्ड शाफ्ट्सबरी हा क्लॅरेंडनच्या घरी जेवावयास गेला असता, गृहिणी आपल्याच मुलीला पानावर जो आदर दाखवीत होती त्यावरून, या मुलीचे यॉर्कच्या ड्यूकशी गुप्तपणे लग्न झाले आहे, हे त्याने ताडले. आणि वॉल्पोल बजावून सांगतो की, जी गोष्ट आपण शोधीतच होतो ती सापडली तर तिला हा शब्द लागू पडत नाही.

या दोन्ही उदाहरणांत घबाड कोणालाच मिळालेले नाही. वाटेवरचे कुरतडलेले गवत आणि जेवणाच्या पानावरचा आदर, या अगदी साध्या गोष्टी होत. त्या कोणाच्याही दृष्टीस पडल्या असत्या. त्यांचा अर्थ मात्र एकालाच लागला. अपघात आहे तो एवढाच की, पाहणारा त्या वेळी तेथे होता.

२

आता नावाकडे वळू. 'सरंदीप' हे अरबी-फार्सी ग्रंथांतील सिंहलद्वीपाचे नाव. सिंदबादच्या सफरींतही ते येते. संस्कृत 'सिंहलद्वीप', पाली 'सीहळदीप' आणि त्यावरून हे रूप, अशी त्याची परंपरा मानली जाते. चौथ्या शतकातील रोमन इतिहासकार अमियानस मार्सेलिनस याच्या ग्रंथात या बेटावरील लोकांचे नाव 'सेरेंदिवि' असे आढळते, तर सहाव्या शतकातील कॉस्मस हा ग्रीक प्रवासी बेटाला 'सिएलेदिबा' म्हणतो. एकाच्या कानी 'र' पडला, दुसऱ्याच्या कानी 'ल'. र आणि ल यांचा असा अभेद आपल्या वैयाकरणांना पूर्वीपासून परिचित आहे. प्राचीन फार्सीतही बाबिलोनचे नाव 'बाबिरुश' असेच लिहिलेले आढळते. पोर्तुगीजांचे 'सैलांव' आणि इंग्रजांचे 'सिलोन' ही याच मूळ नावाची रूपे होत. १९७२ पासून देशाचे अधिकृत नाव श्रीलंका झाले, आणि 'सरंदीप' हे नाव भूगोलातून उठून भाषेत तेवढे राहिले.

सिंहलद्वीप हे नाव कसे पडले, याची एक बौद्ध कथा आहे. सिंहल नावाचा व्यापारी जहाज फुटून राक्षसींच्या बेटावर जाऊन पडतो, एका दिव्य अश्वाच्या साहाय्याने सुटतो, आणि पुढे राजा होऊन ते बेट जिंकतो. म्हणून ते सिंहलद्वीप. हे सिंहलावदान अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या भिंतीवर पाचव्या शतकात विस्ताराने रंगविलेले आहे. महाराष्ट्रातील या चित्राकडे आपल्याला पुढे एकदा परतावे लागेल.

भारतीय साहित्याला हे बेट नेहमीच भाग्याचे बेट वाटत आले आहे. जायसीच्या 'पद्मावता'तील पद्मिनी सिंहलद्वीपची. श्रीहर्षाच्या 'रत्नावली'ची नायिका सिंहलेश्वराची कन्या. जहाज फुटते, फळीच्या आधाराने ती तरते, आणि सिंहलाहून परतणारा कौशांबीचा एक व्यापारी गळ्यातील रत्नमालेवरून तिला ओळखून यौगंधरायणाच्या स्वाधीन करतो. दैव अनुकूल झाले की ते दुसऱ्या द्वीपाहून, समुद्राच्या मध्यातून, दिशांच्या टोकापासूनदेखील इष्ट वस्तू आणून घालते, अशा आशयाच्या श्लोकाने ते नाटक उघडते. पण हा श्लोक ज्याच्या मुखी पुन्हा येतो तो यौगंधरायण लगेच काय म्हणतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. स्वामीच्या उत्कर्षाचा उद्योग आपण आरंभिला होता, आणि दैवाने त्याला हात दिला, असा त्याचा भाव आहे. उद्योग आधीचा आहे, दैव हात देणारे आहे. वॉल्पोलपूर्वी सुमारे अकराशे वर्षे एका भारतीय नाटककाराने सिंहलाच्याच संदर्भात अपघात आणि प्रज्ञा यांची ही जोडी उभी केली होती. दोहोंत काही धागा आहे असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. साम्य पाहून वंशावळ जोडण्याची घाई आपल्या अभ्यासाला पुष्कळदा बाधली आहे.

३

कथेची वंशावळ मात्र बऱ्याच अंशी हाती लागते. दिल्लीच्या अमीर खुसरोने (१२५३–१३२५) निजामीच्या 'हफ्त पैकर' या काव्याला उत्तर म्हणून १३०२ च्या सुमारास 'हश्त बिहिश्त' हे काव्य रचले. बहराम बादशहाला सात महालांतील सात राजकन्या सात कथा सांगतात. त्यांत सरंदीपच्या तीन राजपुत्रांची कथा आहे. ज्या अलाउद्दीन खलजीच्या आश्रयाने खुसरो लिहीत होता, त्याने १२९६ मध्ये देवगिरीची लूट नेऊन तिच्या बळावर दिल्लीचे तख्त मिळविले होते. अकस्मात आलेल्या धनाचे याहून ढळढळीत उदाहरण मराठी इतिहासात क्वचितच सापडेल. खुसरोच्या राजपुत्रांना मात्र लाभते ते निराळ्या जातीचे धन आहे.

कथा अशी. वाटेने जाताना तिघा भावांना हरवलेल्या उंटाचा धनी भेटतो. उंट पाहिलेला नसताही ते त्याच्या खुणा सांगतात : तो एका डोळ्याने आंधळा आहे, त्याचा एक दात पडलेला आहे, तो लंगडा आहे, त्याच्या पाठीवर एका बाजूला तेल व दुसऱ्या बाजूला मध आहे, आणि त्यावर एक गर्भवती स्त्री बसलेली आहे. इतके अचूक वर्णन ऐकून धनी त्यांनाच चोर समजतो आणि ते कैदेत पडतात. उंट सापडल्यावर त्यांची सुटका होते, आणि हे सारे कसे कळले ते ते उलगडून सांगतात. एकाच बाजूचा पाला खाल्लेला होता. चघळलेल्या घासातून दाताएवढा तुकडा सुटलेला होता. एक पाय फरफटल्याची खूण होती. मार्गाच्या एका कडेला मुंग्या आणि दुसऱ्या कडेला माश्या जमल्या होत्या. आणि बसलेली स्त्री उठताना तिने जमिनीवर हात टेकल्याच्या खुणा होत्या.

खुसरोनेही ही कल्पना शून्यातून निर्मिली नाही. निजारच्या पुत्रांची अशीच कथा अरबी परंपरेत आहे. ज्यूंच्या तालमुदात दोन बंदिवान वाटेवरून पुढे गेलेल्या, न पाहिलेल्या उंटाचे असेच वर्णन करतात. भारतीय वाचकाला अधिक जवळचा वाटेल असा तिसरा पाठ जैनांच्या नंदीसूत्रावरील टीकांत आढळतो. एकाच गुरूचे दोन शिष्य वाटेत हत्तीची पावले पाहतात. त्यांपैकी विचारी शिष्य सांगतो की, ही हत्तीण आहे, ती एका डोळ्याने आंधळी आहे, आणि तिच्यावर बसलेली राणी गर्भवती आहे. ही कथा तेथे बुद्धीच्या चार प्रकारांपैकी 'वैनयिकी' हिचे उदाहरण म्हणून दिलेली आहे. वैनयिकी म्हणजे विनयातून, शिक्षणातून आलेली बुद्धी. न पाहिलेल्या, न ऐकलेल्या गोष्टीचा तत्काळ ठाव घेणारी जी 'औत्पत्तिकी', ती वेगळी. वॉल्पोल ज्याला आकस्मिक चाणाक्षपणा म्हणतो त्याला प्रथमदर्शनी औत्पत्तिकी हे नाव देण्याचा मोह होईल. पण नेमक्या याच जातीची कथा आपल्या परंपरेने शिकवलेल्या बुद्धीच्या खात्यात टाकली आहे. एकाच गुरूचे दोन शिष्य, दोघांच्याही पुढे तीच पावले. अर्थ मात्र एकालाच लागतो, कारण शिकलेले त्याने पचविले आहे.

४

खुसरोची कथा १५५७ मध्ये व्हेनिस येथे 'सेरेंदिप्पोच्या राजाच्या तीन तरुण पुत्रांची यात्रा' अशा नावाने इतालियन भाषेत अवतरली. मिकेले त्रामेत्सीनो हा तिचा प्रकाशक. क्रिस्तोफोरो आर्मेनो या नावाच्या गृहस्थाने ती फार्सीतून आणली, असे पुस्तक सांगते. खुसरोच्या काव्यातील सामग्री तिच्यात इतर कथांशी गुंफलेली आहे. या पुस्तकाच्या आरंभी राजा आपल्या पुत्रांना प्रथम विद्वानांकडून सर्व शास्त्रे शिकवून घेतो आणि मगच त्यांना परदेशी धाडतो. हा तपशील पुढे सर्वांच्या विस्मरणात गेला; आणि सर्वांत महत्त्वाचा तोच होता.

इतालियनवरून फ्रेंच रूपांतर १७१९ मध्ये दे माईलीने केले. त्यावरून इंग्रजी १७२२ मध्ये लंडनला निघाले. फार्सी, इतालियन, फ्रेंच आणि इंग्रजी अशी चार घरे हिंडून कथा वॉल्पोलपर्यंत पोहोचली. आणि आठवणीतून लिहिताना त्याने उंटाचे खेचर केले. त्याला यात खंत वाटण्याचे कारण नव्हते. पुढे १७६४ मध्ये त्याने आपली 'द कॅसल ऑफ ऑट्रँटो' ही कादंबरी प्रथम प्रसिद्ध केली तीच मुळी एका जुन्या इतालियन पुस्तकाचा अनुवाद म्हणून! अनुवादाच्या प्रांतात जे काय संभवते ते सारे या शब्दाच्या पूर्वजांत आहे : खरा अनुवाद, रूपांतर, अनुवादाचा बहाणा, आणि स्मरणातील भेसळ.

याच कथेला फ्रान्समध्ये वेगळे भवितव्य लाभले. व्हॉल्तेअरच्या 'झादिग'मध्ये (१७४८) नायक न पाहिलेल्या राणीच्या कुत्रीचे आणि राजाच्या घोड्याचे वर्णन करतो आणि त्याबद्दल दंड भोगतो. १८८० मध्ये टी. एच. हक्स्ली याने याच झादिगच्या नावाने एक निबंध लिहिला. दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या भूतकाळाकडे जाण्याची रीत ही भूशास्त्र, जीवाश्मशास्त्र आणि पुरातत्त्व यांचा आधार आहे, असे त्याने त्यात प्रतिपादिले. डिटेक्टिव्ह कथेचे मूळही समीक्षक येथे दाखवितात. कथा एकच, फ्रान्समार्गे ती अनुमानाची कथा ठरली आणि वॉल्पोलच्या शब्दातून योगायोगाची. या दुभंगातच आपल्या प्रश्नाचे मर्म आहे.

वॉल्पोलचा शब्द मात्र दीर्घकाळ पत्रांत झाकलेला राहिला. मानला लिहिलेली पत्रे १८३३ मध्ये छापली गेली. त्यानंतर तो प्रथम ग्रंथप्रेमी आणि संग्राहक मंडळींच्या हाती गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या कोशांत आला. मग तो वैज्ञानिकांनी उचलला. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९४५ च्या आपल्या पुस्तकात त्यावर एक प्रकरण लिहिले. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याने एलिनॉर बार्बर हिच्यासह या एकाच शब्दाचा सविस्तर इतिहास १९५८ मध्ये लिहून पुरा केला. तो प्रथम इतालियन भाषेत २००२ मध्ये आणि इंग्रजीत २००४ मध्ये, मर्टनच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. या मंडळींना शब्दाची दोन्ही अंगे हवी होती. १९२८ मध्ये फ्लेमिंगच्या बशीत बुरशी पडली हा अपघात. बुरशीभोवतीचे जंतू विरघळले आहेत हे दिसणे, आणि दिसल्यावर बशी फेकून न देणे, ही प्रज्ञा. परंतु शब्द प्रयोगशाळेतून बाजारात आला तसे त्याचे दुसरे अंग गळत गेले. आज दुकानांना, उपाहारगृहांना आणि जहाजांना हे नाव देतात, तेव्हा त्यांना अभिप्रेत असते ते फक्त अनपेक्षित सुख.

५

मराठीत अनपेक्षित लाभासाठी शब्दांची वाण नाही. पहिला 'घबाड'. आपल्या पंचांगांत घबाड नावाचा मुहूर्त असतो, आणि व्यवहारात घबाड म्हणजे एकदम हाती आलेले मोठे द्रव्य. या शब्दाला लोभाचा वास आहे. घबाड मिळालेल्या माणसाकडे लोक कौतुकाने पाहत नाहीत, संशयाने पाहतात. 'योगायोग' तटस्थ आहे. तो शुभही असतो, अशुभही. 'यदृच्छा' हा सर्वांत उंच कुळातील शब्द. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी विश्वाच्या कारणांचा विचार होतो, तेव्हा काल, स्वभाव आणि नियती यांच्या पंक्तीला यदृच्छा बसते. आणि गीतेतील 'यदृच्छालाभसंतुष्ट' पुरुष म्हणजे आपोआप मिळेल त्यात समाधान मानणारा. पण तेथे गौरव आहे तो समाधानाचा, शोधाचा नव्हे.

उरतात ते न्याय. मराठी माणूस कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असे म्हणतो. संस्कृतात याचा पूर्वज काकतालीय न्याय. व्याकरणपरंपरेत या शब्दाचा जो उलगडा आहे त्यात ताडाचे फळ पडून कावळा मरतो, हे आपण सहसा विसरतो. त्याच्याच जोडीच्या अजाकृपाणीय न्यायात शेळीवर तलवार पडते. अपघाताचे स्वरूप सांगणारे हे जुने शब्द लाभापेक्षा घाताकडे झुकणारे आहेत. अपवाद घुणाक्षर न्यायाचा. घुण, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, लाकडात अशा रेषा कोरतो की त्यांतून एखादे अक्षर उमटते. किड्याला लिहावयाचे नव्हते, अक्षर त्याला ठाऊकही नाही. म्हणून नकळत साधलेल्या यशाला हा दृष्टांत देतात, आणि तो देताना त्यात थोडी अवहेलनाही असते.

परंतु या दृष्टांताची दुसरी बाजू आपण कधी पाहिलेली नाही. लाकडात अक्षर आहे असे म्हणतो कोण? किडा म्हणत नाही, लाकूड म्हणत नाही. ज्याला लिपी येते असा कोणीतरी ते लाकूड हाती घेतो तेव्हाच त्या रेषांचे अक्षर होते. निरक्षराच्या घरात तेच लाकूड चुलीत जाते. घुणाक्षरात किड्याचा अपघात आहे तसे वाचणाऱ्याचे साक्षरत्वही आहे; आपल्या शास्त्रकारांनी दृष्टांत किड्याच्या बाजूने सांगितला, इतकेच. तोच वाचणाऱ्याच्या बाजूने सांगितला तर वॉल्पोलच्या शब्दाची दोन्ही अंगे त्यात येतात.

६

हे शब्दच्छल वाटू नये म्हणून आपल्याच इतिहासातील तीन प्रसंग पडताळून पाहू.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला असता त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. अपघात म्हणून यात काही उणे नाही. दहाव्या लेण्यात शिरून त्याने काय केले? एका खांबावरील चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली. आजही ते तेथे आहे. सिंहलद्वीपाच्या नावाची कथा ज्या भिंतीवर रंगविली आहे ती सतराव्या लेण्यातील भिंत त्या वेळीही तेथेच होती. पण तिची कथा ओळखू शकेल अशी दृष्टी त्या दिवशी तेथे आली नव्हती. ती चित्रे कशाची आहेत हे जातकांच्या आणि अवदानांच्या अभ्यासाने पुढे हळूहळू उलगडले. लोक याला अजिंठ्याचा 'शोध' म्हणतात. वॉल्पोलच्या व्याख्येने तो अर्धाच आहे.

दुसरा प्रसंग १८३७ मधील. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप सांचीहून कॅप्टन एडवर्ड स्मिथने पाठविलेले लहान लहान लेखांचे ठसे छापण्यासाठी मांडीत होता. त्या क्षणी तो लिपी उलगडावयास बसला नव्हता. चित्रपत्र जुळवीत होता. त्याच्या ध्यानात आले की, जवळजवळ सारे लेख शेवटी त्याच दोन अक्षरांवर थांबतात. देवालयांत भाविक आपल्या दानाची नोंद करून ठेवतात, हे त्याला माहीत होते. तेव्हा हा शब्द 'दानं' असला पाहिजे. द आणि न हाती आले, दात्याच्या नावाचा षष्ठीचा 'स' हाती आला, आणि थोड्याच काळात ब्राह्मी लिपी वाचता येऊ लागली. सांचीचे ते ठसे दुसऱ्या कोणाच्या मेजावर आले असते तर? ज्याने अनेक वर्षे जुन्या नाण्यांवरची अक्षरे डोळ्यांत साठविली होती, त्याच्याच मेजावर ते आले, आणि म्हणून वाटेवरच्या कुरतडलेल्या गवताप्रमाणे ती दोन अक्षरे बोलू लागली.

पुढचे पाऊल तर सिंहलातच पडले. दिल्लीच्या स्तंभावर 'देवानंपिय पियदसि' हे नाव वाचल्यावर हा राजा कोण, हे प्रिन्सेपला कळेना. सिंहलच्या इतिहासात देवानंपिय तिस्स असल्यामुळे हाही सिंहलचाच राजा असावा, असे त्याला प्रथम वाटले. त्याच वर्षी सिलोनच्या सनदी सेवेतील जॉर्ज टर्नर याने 'दीपवंसा'च्या आधारे पियदसि म्हणजे मौर्य अशोक होय, असे दाखवून दिले. भारताच्या सर्वांत थोर राजाचे नाव भारताला परत मिळाले ते सरंदीपच्या पोथीतून.

तिसरा प्रसंग १९१५ मधील. तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या, आज कर्नाटकच्या रायचूर जिल्ह्यात मोडणाऱ्या मस्की येथे सी. बीडन या सोन्याच्या खाणींच्या अभियंत्याला एक शिलालेख आढळला. देवानंपिय या बिरुदासोबत अशोक हे नाव स्पष्टपणे देणारा अशोकाचा लेख तोवर मिळालेला नव्हता. तो येथे मिळाला, आणि टर्नरचे अनुमान शिलेवर सिद्ध झाले. सोने शोधणाऱ्याला राजाचे नाव सापडावे, याहून वॉल्पोलच्या व्याख्येत चपखल बसणारे उदाहरण नाही. पण खडकावरील त्या खुणांना लेख म्हणून ओळखता आले, आणि तो वाचून त्याचे मोल सांगणारे विद्वान तयार होते, ते सारे अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वी मेजावर मांडलेल्या त्या ठशांमुळे. एकाच्या प्रज्ञेने दुसऱ्याच्या अपघाताला अर्थ दिला.

या तिन्ही प्रसंगांना 'सुखद योगायोग' म्हणणारा अनुवादक स्मिथ आणि प्रिन्सेप यांना एकाच पंक्तीत बसवितो. शब्दाचे अर्धांग हरवले की विचाराचेही कसे हरवते, ते येथे दिसते. संशोधन म्हणजे नशिबाचा खेळ अशी समजूत एकदा रुजली की, हस्तलिखिते जतन करणे, लिप्या शिकविणे, सूच्या तयार करणे ही नीरस वाटणारी कामे कोणी करावयाची? पोथी तर कोणाच्या तरी माळ्यावर सापडेलच. पण ती सापडेल त्या दिवशी मोडी किंवा शारदा वाचणारा मनुष्य तेथे असेल की नाही, हे योगायोगावर सोडता येणार नाही.

७

मग मराठी अनुवादकाने काय करावे? प्रथम, जेथे मूळ लेखकाला केवळ अवचित सुख अभिप्रेत आहे तेथे 'योगायोग' किंवा 'यदृच्छा' योजण्यास प्रत्यवाय नाही. शब्दाचा अर्थ मूळ भाषेतच उतरला असेल तर तो अनुवादात चढविणे हा प्रामाणिकपणा नव्हे. परंतु जेथे शोधाची, संशोधनाची, वाचनाची गोष्ट चालली आहे तेथे हे शब्द अपुरे आहेत. 'यदृच्छाप्रज्ञा' यांसारखे सामासिक शब्द घडविणे अवघड नाही. पण असे शब्द परिभाषाकोशातच राहतात, जिभेवर येत नाहीत.

मराठीला स्थळनामावरून वस्तूचे नाव घडविण्याची जुनी सवय आहे. पैठणचे वस्त्र ते पैठणी, चंदेरी गावचे ते चंदेरी. मिसर देशाच्या नावावरून 'मिश्री' आली, आणि ती खाताना मिसर कोणाला आठवत नाही. त्याच रीतीने 'सरंदीपी' हा शब्द योजून पाहावा, अशी माझी सूचना आहे. तो ऐकताच कळणार नाही, हा आक्षेप खरा आहे. १७५४ मध्ये तो इंग्रजीतही ऐकताच कळणारा नव्हता. घडविणाऱ्याला लगेच त्याची कथा सांगावी लागली. कथा सांगावी लागणे हा या शब्दाचा दोष नसून गुण आहे. कारण उंटाची कथा सांगितल्यावाचून त्यातील प्रज्ञेचे अंग ध्यानात राहत नाही, आणि ती सांगणे थांबले तेव्हाच ते गळून पडले.

मात्र मूळ नाव सिंहलद्वीपाचे आणि कथा खुसरोची, म्हणून हा शब्द आमचाच होता असा दावा करण्याच्या भरीस आपण पडू नये. नाव सिंहलाचे आहे, कथेच्या मुळाशी अरब, ज्यू आणि जैन परंपरा आहेत, कवी दिल्लीचा आणि भाषा फार्सी आहे, पुस्तक व्हेनिसचे आहे, आणि शब्द एका इंग्रजाने अर्धवट स्मरणातून घडविला आहे. यांपैकी कोणा एकाची मालकी त्यावर सिद्ध होणार नाही. पुष्कळ हातांतून फिरत आलेल्या रेषांत एकाला अक्षर दिसले, असा हा प्रकार आहे. ते अक्षर नीट वाचण्याचे आणि पूर्ण वाचण्याचे काम आता अनुवादकांकडे आले आहे.